हलका लॅपटॉप : शिक्षकाच्या पिशवीतला आणि मुलांच्या हातातला



दिवाळीनंतर धान विकून हातात पैसे आले की मला दरवर्षी दोन-तीन पालकांचे फोन येतात. "मॅडम, पोरीसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" गावात एखाद्या शिक्षकाच्या हातात लॅपटॉप दिसला की त्याला त्यातलं सगळं कळतं, असं लोक धरून चालतात. मी डी.एड. आणि एमएस-सीआयटी केलेली साधी प्राथमिक शिक्षिका. सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत शिकवते. कॉम्प्युटर इंजिनियर नाही. तरी विचारलं की सांगून मोकळी व्हायचे.

२०२३ च्या हंगामानंतर एका पालकांना मी असाच सल्ला दिला. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात शिकलेली. दहावीला चांगले गुण पडले, गोंदियाला डिप्लोमाला लागली. ते म्हणाले, नवीनच पाहिजे, सतरा-साडेसतरा हजारापर्यंत जमेल. मी म्हटलं, "भाऊ, मग हा छोटा घ्या. हलका आहे, नवीन आहे, वॉरंटी आहे, पोरीला बसमध्ये न्यायला बरा." त्यांनी घेतला. त्या वर्षी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. म्हणजे तो लॅपटॉप आठ क्विंटल धानाचा झाला.

सव्वा वर्षानं ते शाळेत आले. पिशवीतून लॅपटॉप काढून माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, तुमी म्हणलं म्हून घेतला जी. आता उघडाले अर्धा तास लागते." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

उघडून पाहिलं. रॅम ४ जीबी, साठवण ६४ जीबी आणि तीही ईएमएमसी प्रकारची. विंडोजने आणि त्याच्या अपडेटने जवळपास सगळी जागा खाल्ली होती. नवीन अपडेट घ्यायला जागा नाही, अपडेट अर्धवट राहिलं म्हणून मशीन संथ. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलगी सिव्हिलला. तिला ऑटोकॅड चालवायचं होतं आणि त्याला किमान ८ जीबी रॅम लागते. मी तिची शाखा विचारलीच नव्हती. वजन विचारलं, किंमत विचारली, पण त्यावर ती करणार काय ते विचारलं नाही. दुकानदाराची चूक नाही, कंपनीचीही नाही. खोक्यावर सगळं लिहिलेलं होतं. ही चूक माझी.

म्हणून हा लेख. लहान लॅपटॉप घेऊ नका असं मला म्हणायचं नाही, उलट आपल्यासारख्यांनी लहानच घ्यावा असं माझं मत आहे. पण लहान म्हणजे स्वस्त नव्हे आणि हलका म्हणजे कमी ताकदीचा नव्हे. आपल्याकडे या गोष्टींची गल्लत होते आणि माझीही झाली.

माझा पहिला लॅपटॉप

लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, मी हप्त्यावर पहिला लॅपटॉप घेतला. १५.६ इंची, सव्वादोन किलोचा, वर चार्जर वेगळा. दुकानात मोठा पडदा बघून छान वाटलं. पण मला रोज स्कूटीनं १९ किलोमीटर जायचं असतं. डबा, पाण्याची बाटली, वह्यांचा गठ्ठा, पावसाळ्यात रेनकोट आणि त्यात हा. महिनाभरात खांदा धरला आणि लॅपटॉप घरीच राहू लागला. शाळेतली माहिती कागदावर लिहून आणायची आणि रात्री स्वयंपाक आटोपल्यावर घरी भरायची, असं सुरू झालं. घरीच ठेवायचा होता तर डेस्कटॉप काय वाईट होता?

जेव्हा न्यायचे तेव्हा वेगळंच झालं. त्यात फिरती हार्ड डिस्क होती. स्कूटीवर आपण तो बंद न करता नुसता मिटून पिशवीत टाकतो, आत तबकडी कधी कधी फिरतच असते आणि आपले रस्ते तर सगळ्यांना माहीत आहेत. एप्रिलमध्ये निकालपत्रकांच्या ऐन धामधुमीत ती डिस्क गेली. चार वर्षांचे मुलांचे फोटो, प्रश्नपेढ्या, नोंदी, सगळं गेलं. तेव्हापासून मी सांगते, साठवण एसएसडीच पाहिजे, तिच्यात फिरणारं काही नसतं. आणि दर शनिवारी पेन ड्राइव्हवर एक प्रत.

दुसरा लॅपटॉप नागपूरला सीताबर्डीवरून घेतला. वापरलेला, डेल लॅटिट्यूड ७२९०. साडेबारा इंची पडदा, वजन सव्वा किलोच्या आसपास. कंपन्यांमध्ये तीन-चार वर्षं वापरून बाजारात येणारी ही मशीनं असतात. यात ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. किंमत नव्या हलक्या लॅपटॉपच्या जवळपास अर्धी. पिशवीत वह्यांच्या मध्ये सरकतो. गेल्या दोन वर्षांत तो शाळेत गेला नाही असे दिवस मोजकेच.

घेताना काय बघायचं

आता पालकांचा फोन आला की मी आधी उलट विचारते, त्यावर काय करायचं आहे? फॉर्म भरणं, टायपिंग, पीडीएफ वाचणं, व्हिडिओ बघणं एवढंच असेल तर साधं मशीन पुरतं. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, प्रोग्रॅमिंग असेल तर हलका घ्यायचा हट्ट थोडा सोडावा लागतो किंवा पैसे जास्त मोजावे लागतात.

रॅम ८ जीबी. यात तडजोड नको. आणि एक प्रश्न नक्की विचारा, नंतर वाढवता येते का? पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम बोर्डावरच जोडलेली असते. थिंकपॅड एक्स २८० हा वापरलेल्यांमधला छान छोटा लॅपटॉप आहे, पण त्याची रॅम बदलत नाही, घेताना जेवढी तेवढीच. माझ्या लॅटिट्यूडमध्ये एक खाच आहे, उद्या वाढवता येईल. साठवण २५६ जीबी एसएसडी. '६४ जीबी ईएमएमसी' असं वाचलं की विंडोजसाठी तो घेऊ नका. मोबाइलमध्ये ६४ जीबी म्हणजे पुष्कळ वाटतं, म्हणून आपण फसतो.

वापरलेला घेत असाल तर इंटेलची पिढी बघा. विंडोज १० ला मिळणारी मोफत नियमित सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. सातव्या पिढीचा छान दिसणारा लॅपटॉप बारा हजारात मिळतो तो यामुळेच. लिनक्स टाकणार असाल तर घ्या, विंडोजच पाहिजे असेल तर आठवी पिढी.

बॅटरीचा हिशेब आपण गणिताच्या तासाला शिकवतो तसाच आहे. तिच्यावर वॅट-तास लिहिलेले असतात. समजा ४२ वॅट-तास आहेत आणि टायपिंग करताना मशीन ७ वॅट खातं, तर ४२ भागिले ७ म्हणजे सहा तास. व्हिडिओ लावला, पडद्याचा उजेड पूर्ण केला की खाणं वाढतं आणि तास कमी होतात. वापरलेल्यात बॅटरी थकलेली असते. दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा, लाजू नका.

आमच्याकडे पावसाळ्यात लाईन गेली की कधी येईल याचा नेम नाही. म्हणून टाईप-सी वर चार्ज होणारा लॅपटॉप मला फार उपयोगाचा वाटतो. चार्जर हरवला तर दुसरा मिळतो, शिवाय मोठ्या पॉवर बँकेवर चालतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टनं ७४ वॅट-तास. मधे थोडी वीज वाया जाते, तरी माझा लॅपटॉप एकदा पूर्ण भरतो. फक्त ती पॉवर बँक ४५ किंवा ६५ वॅट देणारी पाहिजे, मोबाइलची साधी चालत नाही.

आणि भोकं मोजा! पेन ड्राइव्हची, टीव्ही-प्रोजेक्टरला जोडायची एचडीएमआयची. काही अति-पातळ लॅपटॉपला टाईप-सी सोडून काहीच नसतं, मग केंद्र संमेलनात सादरीकरणाच्या वेळी अडॅप्टरसाठी धावाधाव होते. ही धावाधाव मी पाहिलेली आहे.

पडद्याच्या आकारावर लोक अडून बसतात. मला विचाराल तर १२ ते १४ इंच ठीक. ११ इंचाच्या खाली कीबोर्डच इतका आवळतो की मोठ्या माणसाची बोटं अडखळतात.

वर्गात

खरं तर मला याच भागावर लिहायचं होतं.

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाल्यावर गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, टीव्ही आले. चांगलंच झालं. पण मोठ्या पडद्यासमोर मुलं काय करतात? बघतात. बटण मास्तरांच्या हातात असतं. लहान लॅपटॉप मी सतरंजीवर मध्ये ठेवते, चार मुलं भोवती बसतात आणि बटण त्यांच्या हातात असतं. सव्वा किलोचं मशीन दुसरीतलं पोर दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या गटाकडे नेतं. पहिल्यांदा माझा जीव वर-खाली झाला होता, आता होत नाही.

मराठी टायपिंगचंच उदाहरण घ्या. आपण शिक्षक बहुतेक इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवतो, मीही तेच करते. पण मुलांना मी इनस्क्रिप्ट शिकवते. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'कि' लिहिताना वहीत मूल आधी वेलांटी काढतं, मग क. इनस्क्रिप्टमध्ये आधी क दाबायचा, मग वेलांटी, म्हणजे जसं बोलतो तसं. 'पुस्तक' लिहिताना स, मग पाय मोडायचं बटण, मग त. जोडाक्षर कशाचं बनलंय हे बोटांना कळतं. माझ्या तिसरीतला एक मुलगा 'क्ष' हे एकच अक्षर समजायचा. क, हलन्त, ष असं दाबल्यावर समोर 'क्ष' उमटला तेव्हा तो ओरडला, "मॅडम, याच्यात क लपला हाये!" हे मी फळ्यावर चार वेळा सांगितलं होतं.

आणखी एक. आमच्या वर्गात कोणाच्या घरी झाडीबोली, कोणाच्या घरी पोवारी, दोघा-तिघांच्या घरी गोंडी. मुलांनी लॅपटॉपवर एक तक्ता केला, एका रकान्यात पुस्तकातला शब्द, पुढे घरचा शब्द. 'पाणी'समोर एकीनं 'येर' लिहिलं. ती मुलगी वर्गात सहसा बोलत नाही. त्या दिवशी तिला सगळे विचारत होते, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. तक्ता दीडशे शब्दांवर गेला. रोवणीच्या दिवसांत गैरहजेरी वाढते, तेव्हा 'बांधी', 'पऱ्हे' असे शब्द मुलं शेतातून घेऊन आली. हे कुठल्याच डिजिटल कंटेंटमध्ये तयार मिळत नाही.

नेट नसेल तरी अडत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून ठेवता येतात. किविक्स नावाच्या मोफत प्रोग्रॅमवर मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. जीकॉम्प्रिस हा लहान मुलांच्या खेळांचा संच आहे, तोही मोफत. जुन्या कृतिदेवमधल्या फाइली मात्र आता बंद करा. दुसऱ्याच्या मशीनवर त्यांचा कसा चिवडा होतो ते सगळ्यांनी भोगलंय. युनिकोडमध्येच लिहा.

पण लॅपटॉप आला म्हणून शिकणं आपोआप होतं, असं मी म्हणणार नाही. हा प्रयोग आपल्याच राज्यात होऊन गेला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत, वीसेक मुलांना, 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले गेले. निकोलस निग्रोपॉण्टी यांच्या कल्पनेतला हा 'शंभर डॉलरचा लॅपटॉप', प्रत्यक्षात शंभर डॉलरमध्ये कधी बसला नाही. पण मशीन विचार करून बनवलं होतं. साडेसात इंची पडदा, वजन दीड किलोच्या आत, उन्हातही वाचता येईल असा पडदा, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कीबोर्ड, धरायला मूठ. अंगणात, शेतात वापरता येईल असं. त्याच वर्षी असूसचा सात इंची 'ई पीसी' आला आणि छोट्या लॅपटॉपची लाटच आली. आज आपण जे हलके लॅपटॉप घेतो, त्यांना त्या वर्षी मोठा धक्का मिळाला.

पुढे काय झालं? पेरू देशानं हेच लॅपटॉप खेड्यापाड्यांतल्या शाळांना मोठ्या संख्येनं वाटले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. काही सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत थोडा चांगला बदल दिसला, एवढंच. मला यात आश्चर्य वाटत नाही. यंत्र मुलाच्या हातात दिलं, पण त्या यंत्रावर मंगळवारी तिसऱ्या तासाला काय करायचं हे शिक्षकाला कोणी दिलं नाही, तर दुसरं काय होणार? वर सांगितलेला 'क्ष'चा तास हा लॅपटॉपनं घेतला नाही, मी घेतला. पण लॅपटॉपशिवाय तो तसा झाला नसता, हेही खरं.

पैसे कोणाचे

आता थोडं कडू. समग्र शिक्षामध्ये शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं, ते पटावर ठरतं. निकषाप्रमाणे ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००. माझ्या शाळेचा पट २८. त्या दहा हजारात खडू, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती, पिण्याचं पाणी, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. यात लॅपटॉप बसवून दाखवा! दुसरीकडे यू-डायस प्लस, पोषण आहाराची माहिती, मुलांचे आधार आणि अपार, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं ऑनलाइन. म्हणून शिक्षक स्वतःच्या पगारातून घेतो. मीही घेतला.

आमच्या केंद्रातले एक सर म्हणतात, "तुमच्यासारखे स्वतःच्या पैशानं घेतात म्हणून शासन देत नाही." त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. पण शासन देईपर्यंत माझी तिसरी पाचवीत जाते. माझं म्हणणं एवढंच आहे की लहान पटाच्या शाळेला पटाच्या हिशेबानं मोजू नका. २८ मुलांच्या शाळेलाही एक लॅपटॉप पूर्ण लागतो, २८ टक्के लॅपटॉप घेता येत नाही. वर्षाला एक याप्रमाणे चार वर्षांत चार हलके, वापरलेले पण तपासलेले लॅपटॉप शाळेच्या नावावर द्या. एका बंद खोलीत जोडून ठेवलेल्या दहा डेस्कटॉपपेक्षा ते जास्त चालतील. लाईन असो-नसो, ते वर्गात फिरतील आणि रात्री शाळेच्या कपाटात मावतील.

तोवर जे शिक्षक स्वतःचा लॅपटॉप शाळेत नेतात त्यांना एक विनंती. दिवसभर तो फक्त माहिती भरण्यात जाऊ देऊ नका. माझा नियम आहे, शाळेतला पहिला तास तो मुलांचा. वरून कितीही 'तातडीचं' आलं तरी तासानंतर. हा नियम महिन्यातून दोन-तीनदा मोडतो, खोटं कशाला बोलू.

त्या मुलीच्या लॅपटॉपचं काय केलं ते सांगायचं राहिलं. मी तिच्या कामाच्या फाइली काढून घेतल्या, विंडोज पुसलं आणि लिनक्स मिंट टाकलं. ६४ जीबीत ते आरामात बसलं आणि मशीन मिनिटाच्या आत सुरू होऊ लागलं. रिपोर्ट लिहिणं, नोट्स वाचणं, फॉर्म भरणं एवढं आता होतं. ऑटोकॅड मात्र त्यावर होत नाही. त्यासाठी ती कॉलेजच्या लॅबमध्ये बसते, आणि तिच्या गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला असते. म्हणून रोज पाऊण तासच मिळतो. भाऊंना मी म्हटलं, पुढच्या वेळी मी सोबत नागपूरला येते, वापरलेला पण ८ जीबीचा बघू. ते म्हणाले, "यंदा धान कसा होते पाहू जी."